अहवालातले प्रथिन आणि ताटातली प्रथिने

प्रश्न : मी २९ वर्षांची असून चोडणला राहते व पणजीत नोकरी करते. लग्नाला दोन वर्षे झाली. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, हनुवटीवर राठ केस येतात, डोक्यावरचे मात्र गळतात. वजन ७४ किलो, उंची १५८ सेंटिमीटर. सोनोग्राफीत पीसीओएस (बीजकोशांचा, संप्रेरकांशी निगडित विकार) आणि यकृतावर थोडी चरबी असल्याचे दिसले. रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन मर्यादेत आहे, पण 'एसएचबीजी' नावाचे काहीतरी १६, म्हणजे कमी, आले आहे. डॉक्टरांनी "हे संप्रेरके सांभाळणारे प्रथिन आहे, वजन उतरवा, आहार सुधारा" एवढेच सांगितले. नणंद म्हणते, प्रथिन कमी आहे तर प्रोटीन पावडर घे. व्यायामशाळेतले प्रशिक्षक भात बंद करायला सांगतात, मैत्रीण जवस खायला सांगते. मी तर रोज मासळी खाते, मग प्रथिन कमी कसे? सकाळी पणजीत भाजी-पाव, एक बन आणि चहा, दुपारी शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी), संध्याकाळी मिरची किंवा पॅटिस आणि थंड पेयाची बाटली, रात्री नऊनंतर पुन्हा भात, असे माझे खाणे आहे. चहा दिवसातून तीनदा, दोन-दोन चमचे साखर घालून. केसांसाठी बायोटिनची गोळी घेते. सुट्टीच्या दिवशी घरी पेज असते. सासूबाई म्हणतात, पेज सोडलीस तर अंगात त्राण राहणार नाही. पेज प्यावी की नाही, तेही कळवावे.
— एक वाचक, चोडण

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. "रोज मासळी खाते, मग प्रथिन कमी कसे?" हा त्यातला प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण आपल्याला मिळालेल्या उलटसुलट सल्ल्यांचे मूळ त्या एका शब्दाच्या घोटाळ्यात आहे. ताटातल्या बांगड्यातले प्रथिन आणि अहवालातले 'सेक्स हॉर्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन' म्हणजेच एसएचबीजी हे प्रथिन, यांचे नाव एक असले तरी त्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. मासळीतले, डाळीतले किंवा दुधातले प्रथिन पोटात गेले की पचनात त्याचे तुकडे होतात, त्यांची अमिनो आम्ले होतात आणि ती रक्तातून यकृताकडे व स्नायूंकडे जातात. त्या कच्च्या मालातून कोणते प्रथिन किती घडवायचे, हे यकृत स्वतःच्या त्या वेळच्या अवस्थेप्रमाणे ठरवते. एसएचबीजी हे मुख्यतः यकृतातच तयार होणारे प्रथिन आहे. आपल्याकडे ते कमी पडले आहे ते कच्चा माल अपुरा आहे म्हणून नव्हे, तर यकृताने त्याचे उत्पादन आवरते घेतले आहे म्हणून.

हे प्रथिन नेमके करते काय, ते आधी पाहू. आपण रोज चोडणहून रायबंदरला फेरीबोटीने येता, म्हणून तेच उदाहरण घेते. बोटीत बसलेली माणसे असतात खरी, पण धक्क्याला उतरेपर्यंत त्यांना बाजारात काही करता येत नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी आणि इस्ट्रॅडिओल हे स्त्रीत्वाचे, ही संप्रेरके रक्तातून अशीच बहुतांशी कुठल्या तरी प्रथिनावर बसून जातात. त्यांतली काही एसएचबीजीवर घट्ट बसलेली असतात, काही अल्ब्युमिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनावर सैल बसलेली असतात आणि शेकडा एक-दोनच काय ती पूर्ण मोकळी असतात. पेशींत शिरून काम करतात ती मोकळी किंवा सहज सुटणारी संप्रेरके. शिवाय एसएचबीजी टेस्टोस्टेरॉनला इस्ट्रॅडिओलपेक्षा अधिक घट्ट धरून ठेवते. त्यामुळे बोटी कमी झाल्या की सर्वांत आधी टेस्टोस्टेरॉन मोकळे पडते, आणि स्त्रीच्या शरीरात त्याचा परिणाम हनुवटीवरच्या राठ केसांत, मुरुमांत, डोक्यावरच्या विरळ होणाऱ्या केसांत आणि लांबणाऱ्या पाळीत दिसू लागतो.

आपले एकूण टेस्टोस्टेरॉन मर्यादेत असूनही त्रास का होतो, याचे उत्तर आपल्या अहवालातच दडलेले आहे. आपण पाठवलेल्या प्रतीत ते ४६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. त्याचे नॅनोमोलमध्ये रूपांतर केले तर सुमारे १.६ होते. आता या १.६ ला एसएचबीजीच्या १६ ने भागून १०० ने गुणले, तर १० येतात. याला मुक्त अँड्रोजन (म्हणजे मोकळ्या पुरुषी संप्रेरकांचा) निर्देशांक म्हणतात. समजा टेस्टोस्टेरॉन तेवढेच राहिले आणि एसएचबीजी १६ वरून ३२ वर गेले, तर हाच निर्देशांक १० वरून ५ वर येतो. टेस्टोस्टेरॉनच्या आकड्याला हातही न लावता त्याचा जोर निम्मा होतो. डॉक्टरांनी एका वाक्यात जे सांगितले, त्यामागे हा हिशेब आहे. बाहेर रांगेत पुढचे रुग्ण ताटकळत असताना तो सविस्तर सांगायला त्यांना वेळ मिळाला नसेल, पण त्यांचे निदान आणि दिशा दोन्ही मला योग्य वाटतात.

प्रोटीन पावडरीचा विचार या प्रकाशात करा. माणूस उपाशी राहिला, त्याचे कुपोषण झाले, तर यकृतात तयार होणारी काही प्रथिने खरोखरच घटतात. अल्ब्युमिन घटते, आणि ट्रान्सथायरेटिन तर त्याहूनही लवकर घटते. हे दुसरे प्रथिन थायरॉइडचे संप्रेरक वाहून नेते आणि अ जीवनसत्त्वाच्या वाहतुकीलाही हातभार लावते. एसएचबीजीचे वागणे मात्र याच्या उलट आहे. अन्न टाकून अतिकृश झालेल्या मुलींमध्ये ते वाढलेले आढळते. तेव्हा 'खाण्यात प्रथिन कमी म्हणून रक्तात एसएचबीजी कमी' हा सरळ दिसणारा तर्क इथे लागू पडत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मध्यम व उतारवयाच्या पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले, खाण्यात तंतुमय पदार्थ अधिक असणाऱ्यांचे एसएचबीजी अधिक आणि प्रथिने अधिक असणाऱ्यांचे उलट कमी आढळले होते. ती पाहणी पुरुषांची होती आणि अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, म्हणून मासळी कमी करा असे मी मुळीच म्हणणार नाही. पण पावडर खाऊन हे प्रथिन वाढते, या समजुतीला कसलाही आधार नाही, एवढे मी ठामपणे सांगते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. शंभर ग्रॅम बांगड्याच्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. दोन वेळची मासळी, एक वाटी कडधान्य आणि थोडे दही असले की आपली गरज भागते, पावडरीवर पैसे घालवू नका.

मग यकृताने उत्पादन आवरते का घेतले? इथे जरा सविस्तर लिहिते, कारण आहाराचे सारे इंगित यातच आहे. पूर्वी असे मानले जाई की रक्तात इन्शुलिन वाढले की ते थेट यकृतावर दाब आणते आणि एसएचबीजी घटते. १९९१ साली पीसीओएस असलेल्या काही स्त्रियांना औषध देऊन त्यांचे इन्शुलिन खाली आणले गेले, तेव्हा त्यांचे एसएचबीजी वाढले होते, त्यामुळे या मताला बळ मिळाले. पुढे २००७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी या चित्रात महत्त्वाची भर घातली. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्करांचा मारा झाला की यकृताच्या पेशी त्या शर्करेपासून चरबी घडवू लागतात. ही चरबी घडत असताना, एसएचबीजीचे जनुक चालू ठेवणारे 'एचएनएफ-४ अल्फा' नावाचे नियंत्रक प्रथिन पेशीत घटते, आणि त्याबरोबर एसएचबीजीही घटते. मानवी यकृतपेशींत आणि मानवी जनुक बसवलेल्या उंदरांत त्यांनी हे दाखवून दिले. माणसांच्या पाहण्यांतही यकृतावर चरबी आणि रक्तात एसएचबीजी कमी, ही जोडी वारंवार दिसते. आपल्या सोनोग्राफीतली 'थोडी चरबी' आणि रक्तातले '१६' या दोन सुट्या तक्रारी नाहीत, असे मला वाटते ते यासाठी.

याच कुळातले आणखी एक प्रथिन आहे, त्याचा ओझरता उल्लेख करते. इन्शुलिनसारखेच काम करणाऱ्या 'आयजीएफ' या वाढीच्या घटकाला बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृत तयार करते. रात्रभराच्या उपासानंतर ते वाढते आणि जेवणानंतर इन्शुलिन वाढले की काही तासांत उतरते. दिवसभर काही ना काही गोड पोटात जात राहिले, की इन्शुलिन चढे राहते आणि हे प्रथिन दबलेलेच राहते. इन्शुलिन आणि मोकळे झालेले आयजीएफ मिळून मग बीजकोशाला अधिक टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावतात. म्हणजे एकीकडे बोटी कमी होतात आणि दुसरीकडे प्रवासी वाढतात.

आता आपल्या दिवसाकडे येऊ. मासळी, हुमण आणि पेज यांच्यापैकी एकाचीही मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती संध्याकाळच्या बाटलीची. तीनशे मिलिलिटरच्या गोड थंड पेयात साधारण ३० ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. त्यात चहाचे सहा चमचे मिळवा आणि सकाळच्या बनमधली साखर वेगळी धरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले. हे ५ टक्के म्हणजे दिवसाला जेमतेम २५ ग्रॅम होतात. आपण त्याच्या दुपटीच्या पुढे आहात, आणि त्यातली बरीचशी साखर पातळ रूपात, रिकाम्या पोटी आणि झटकन यकृतापर्यंत पोहोचते. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजचा असतो आणि त्याचा निचरा मुख्यतः यकृतालाच करावा लागतो. म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला हा, की दुसरे काहीही बदलण्याआधी ती बाटली बंद करा. चहा एकदम फिका करवत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, महिनाभरात जीभ सरावते. संध्याकाळी काही आंबटसे प्यावेसे वाटले तर बाजारात मिळणारे कोकमाचे गोड सिरप न घेता घरचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस) पाण्यात घालून, हिंग-जिरे लावून घ्या. आगळात मीठ असते, तेव्हा वरून मीठ घालू नका.

आपल्याकडे माडाचा गूळ 'चांगला' म्हणून सढळ हाताने वापरला जातो. त्याची चव मलाही अतिशय प्रिय आहे, पण यकृताच्या हिशेबात तो साखरच ठरतो. चवथीच्या नेवऱ्या, पातोळ्या, मणगणे त्या दिवशी पानात आले की आनंदाने खा. खरी अडचण होते ती नेवऱ्यांचा डबा पुढे पंधरा दिवस हाताशी राहतो तेव्हा. मानकुराद आंब्याचेही तसेच आहे. जेवणानंतर एखादा आंबा कापून, चावून खाण्यात मला वावगे दिसत नाही, मात्र त्याचा रस करून त्यात साखर घातली की गोष्ट बदलते. फळातल्या फ्रुक्टोजला घाबरून फळेच सोडणाऱ्या मुली माझ्याकडे येतात, तेव्हा वाईट वाटते. अख्ख्या फळात तंतू आणि पाणी असल्याने शर्करा सावकाश शोषली जाते, आणि माणूस फार फळे खाऊही शकत नाही.

भात बंद करायला मी सांगणार नाही. गोव्यात राहणाऱ्या, सासरी एकत्र जेवणाऱ्या मुलीला भात सोडायला सांगितले तर ती पंधरा दिवस सोडते, सोळाव्या दिवशी दुप्पट खाते आणि स्वतःलाच दोष देत बसते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. शिवाय पीसीओएससाठी २०२३ मध्ये निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही अमुकच एक आहारपद्धती इतरांपेक्षा सरस आहे असे म्हटलेले नाही. जो समतोल आहार आपल्याला वर्षानुवर्षे झेपेल, तो चांगला. आपल्या बाबतीत प्रश्न भाताचा नाही, भाताच्या ढिगाचा आणि त्याच्या वेळेचा आहे. दुपारच्या ताटात आधी निम्म्या भागात भाजी वाढून घ्या, मग मासळी किंवा कडधान्य घ्या आणि उरलेल्या पाव भागात शीत वाढा. आपण आजवर शीत आधी वाढून उरलेल्या जागेत भाजी घेत असाल, तर केवळ हा क्रम बदलल्याने ताटाचे रूप किती पालटते ते पहिल्याच दिवशी दिसेल. तांदूळ शक्यतो उकडा आणि कोंडा राहिलेला घ्या, पांढऱ्याशुभ्र पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा तो सावकाश पचतो. सकाळी मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई मिळाली तर घ्या, भाजी अळसांद्याची किंवा मुगाची घ्या आणि बन वगळा.

भाजीच्या बाबतीत गोव्यासारखी सोय फार थोड्या ठिकाणी असेल. तांबडी भाजी, मुळ्याचा पाला, भेंडी, दोडकी, घोसाळी, शेवग्याच्या शेंगा, पावसाळ्यातला तायकिळा हे सगळे आपल्या दारात पिकते किंवा उगवते, आणि तरी आपल्या ताटात भाजी चमचाभर आणि शीत डोंगराएवढे असते. मिळेल ती भाजी रोज दोन वेळा, वाटी भरून खा. नारळ सोडू नका, मात्र वाटपातला नारळ घरातल्या माणसांच्या मानाने असू द्या. मासळी रवा लावून तेलात तळण्यापेक्षा हुमणात, उडदमेथीत किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजून खा. तारले आणि बांगडे स्वस्त आहेत म्हणून त्यांना कमी लेखू नका, चांगल्या प्रतीची चरबी इसवणापेक्षा त्यांच्याकडून स्वस्तात मिळते. श्रावणात मासळी बंद झाली की अनेक घरांत प्रथिनांची जागा नुसत्या बटाट्याच्या भाजीने भरली जाते. त्या महिन्यात चणे, वाटाणे, अळसांदे यांचे टोणाक आणि मुगागाठी आलटून पालटून करा.

जवसाबद्दल आपल्या मैत्रिणीचे म्हणणे अगदीच निराधार नाही. त्यातले लिग्नान हे घटक एसएचबीजी वाढवतात असे काही संशोधकांनी सुचवले होते, परंतु माणसांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. सोयाबीनचेही तसेच आहे. जवसात तंतू आहेत, चांगली चरबी आहे, तेव्हा चमचाभर भाजलेल्या जवसाची चटणी जेवणात असायला हरकत नाही. पण ते औषध समजून वाटीभर खाऊ नका, आणि गर्भ राहिल्याची शंका आली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठ्या प्रमाणात घेऊ नका.

आता वजनाविषयी. लंडनमध्ये पीसीओएस असलेल्या स्थूल स्त्रियांवर झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचे वजन ५ टक्क्यांहून अधिक उतरले त्यांचे एसएचबीजी वाढले, मोकळे टेस्टोस्टेरॉन घटले आणि त्यांतल्या अनेकींची पाळी सुधारली. आपल्या ७४ किलोचे ५ टक्के म्हणजे ३.७ किलो होतात. २० किलो उतरवायचे आहेत असे मनावर ओझे घेतलेल्या मुलीला हा आकडा सांगताना मला नेहमी बरे वाटते. चार किलोंना चार महिने लागले तरी चालतील. यकृतावरची चरबी वजनाच्या मानाने लवकर हलू लागते, त्यामुळे काट्यावर फारसे दिसले नाही तरी आत काहीच घडत नाही असे समजू नका. रात्रीचे जेवण आठच्या आत आणता आले तर पाहा. जेवणानंतर घरापासून धक्क्याच्या रस्त्याने पंधरा मिनिटे चालून या, जेवणानंतर स्नायू हलले की रक्तातली साखर ते वापरतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस व्यायामशाळेत जातच असाल तर वजने उचलण्याचा व्यायाम सुरू ठेवा.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र मनावर घ्या. एसएचबीजीचा आकडा वाढवणे हे आपले ध्येय ठेवू नका. तो आकडा यकृताच्या अवस्थेचा निदर्शक आहे, आणि तो इतर कारणांनीही हलतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या की तो झपाट्याने वाढतो, गरोदरपणात तर कित्येक पटींनी वाढतो. थायरॉइड अधिक काम करू लागली तरी वाढतो आणि मंदावली तर घटतो, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासले नसेल तर तपासून घ्या. आणि वर सांगितल्याप्रमाणे उपासमारीनेही तो वाढतो. तेव्हा आकडा सुधारावा म्हणून कोणी दिवसभर काकडी आणि ताक एवढ्यावर राहायला सांगितले, तर कागदावर सुधारणा दिसेल, पण पाळी आणखी बिघडेल.

पत्रात आपण सहज जाता जाता बायोटिनच्या गोळीचा उल्लेख केला आहे, तो डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला. केसांच्या गोळ्यांत बायोटिनचे प्रमाण पुष्कळदा गरजेच्या कितीतरी पट असते, आणि प्रयोगशाळांतील काही तपासण्यांची पद्धत बायोटिनवरच आधारलेली असल्याने रक्तातल्या जादा बायोटिनमुळे त्या चुकतात. काही पद्धतींत टेस्टोस्टेरॉन खोटेच वाढलेले आणि एसएचबीजी खोटेच घटलेले दिसू शकते, म्हणजे दोन्ही चुका नेमक्या आपल्याला घाबरवणाऱ्या दिशेने होतात. आपली लक्षणे आणि यकृतावरची चरबी पाहता आपला अहवाल खोटा असेल असे मला वाटत नाही, पण पुढच्या तपासणीआधी ही गोळी किती दिवस थांबवायची ते डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला विचारून घ्या. ती तपासणी तीन महिन्यांच्या आत करू नका, एवढ्या अवधीत फरक पडला तरी तो नीट दिसत नाही.

एसएचबीजी कमी असणाऱ्या व्यक्तींना पुढे मधुमेह होण्याचा धोका अधिक असतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले आहे. पीसीओएसमध्ये तो धोका तसाही असतोच. त्यामुळे उपाशीपोटीची साखर ठीक आली म्हणून थांबू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची चाचणी एकदा करून घ्या, विशेषतः आपण मुलाचा विचार करत असाल तर गर्भधारणेपूर्वीच. त्याच कारणाने फॉलिक आम्लाची गोळी आतापासून सुरू करण्याविषयी डॉक्टरांना विचारा, आणि केसांसाठी किंवा पाळीसाठी दिलेली कोणतीही गोळी गर्भधारणेत चालते का हेही स्पष्ट विचारून घ्या. कोणतेही औषध माझे हे उत्तर वाचून बंद मात्र करू नका. घरात हा आहार आपल्या एकटीसाठी वेगळा रांधायची गरज नाही. पोट सुटलेल्या पुरुषांचेही एसएचबीजी असेच घटते आणि त्यापायी त्यांचे एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसते, तेव्हा आपल्या यजमानांनी त्याच ताटातले जेवण केले तर त्यांचेही भलेच होईल.

राहिला पेजेचा प्रश्न. सासूबाईंना सांगा की पेज बंद होणार नाही. उकड्या तांदळाची, शिते थोडी अख्खी राहिलेली पेज एक मध्यम वाटी घ्या, फार घोटून खिरीसारखी करू नका, कारण जितकी ती गाळ होते तितकी लवकर साखर होऊन रक्तात उतरते. नुसत्या लोणच्याच्या फोडीबरोबर ती पिऊ नका, बरोबर आदल्या दिवशीचे आटवलेले हुमण किंवा मुगाची उसळ असू द्या. आणि सुट्टीच्या दिवशी दहा वाजता पेज घेतलीत, तर त्या दिवशी दुपारच्या ताटात शीत नेहमीच्या निम्मे वाढून घ्या.